रुंदीकरणाचा सर्वे: चालत्या रस्त्याकडेच्या कामाची नोंदवही

९ ऑक्टोबर

काम हातात आलं. दोन पदरी रस्ता, सहा किलोमीटरच्या आसपास, डांबराची रुंदी ७ मीटर, दोन्ही बाजूंना कुठे दीड तर कुठे दोन मीटरची साइडपट्टी. वाटेत एक पूल, दोन मोऱ्या, एक कटिंग (टेकडी कापून काढलेला रस्त्याचा भाग) आणि चढाचा एक माथा. माथा ओलांडला की लगेच वळण. दर २५ मीटरला आडछेद (रस्त्याला आडव्या रेषेवरच्या उंच्या), वळणात १० मीटरला, शिवाय पुलाच्या डेकच्या, म्हणजे वरच्या रस्त्याच्या, लेव्हल्स. वाहतूक चालूच राहणार.

मागच्या सर्वेची कंट्रोल पॉइंटची (ज्यांचं स्थान आधीच पक्कं मोजलेलं आहे अशा खुणांची) यादी पाहिली. जवळजवळ सगळे पॉइंट म्हणजे डांबराच्या कडेला ठोकलेले खिळे. ठोकणाऱ्याची सोय समजते: जागा कठीण, खिळा हलत नाही, शोधायला सोपा आणि दोन्हीकडे लांबवर दिसतं. पण त्यावर इन्स्ट्रुमेंट (कोन आणि अंतर मोजणारं टोटल स्टेशन) लावायचं म्हणजे ट्रायपॉडचा एक पाय डांबरावर येणार. सेंटरिंग करताना (इन्स्ट्रुमेंट खिळ्याच्या बरोबर वर आणताना) सर्वेअर वाकलेला, नजर आधी लेझरच्या ठिपक्यावर, मग बुडबुड्यावर, आणि पाठ पांढऱ्या पट्टीच्या आत. ज्याने पॉइंट निवडला त्याने पुढच्या प्रत्येक पथकाची उभं राहायची जागाही निवडून ठेवली.

त्या खिळ्यांवर ट्रायपॉड लावायचा नाही असं ठरलं. जुन्या कामाशी जोड तपासायला मोजके घेऊ, तेही नुसता प्रिझम (इन्स्ट्रुमेंटचा प्रकाश परत पाठवणारी काच) टेकवून. नवे पॉइंट हद्दीलगत, भरावाच्या पायथ्याशी आणि कटिंगच्या वर घालायचे. इन्स्ट्रुमेंट कुठल्याच पॉइंटवर लावायची गरज नाही. सोयीच्या जागी उभं करून रिसेक्शनने, म्हणजे ओळखीच्या पॉइंटकडे मोजून, स्थान काढता येतं. कोनाबरोबर अंतरही मोजत असल्यामुळे नुसत्या कोनांच्या रिसेक्शनमधली डेंजर सर्कलची भानगड (आपण आणि टार्गेट एकाच वर्तुळावर आलो तर स्थान ठरत नाही) उरत नाही. टार्गेट मात्र सगळी एकाच दिशेला गोळा झालेली नकोत, आणि दोनवर न भागवता तीन-चार घ्यायची.

पॉइंटच्या यादीत एक रकाना वाढवला: ‘इथे माणूस उभा राहायला हवा का?’ ‘हो’ असेल तर पुढे कारण लिहायचं. सहायक सर्वेअर ताईंनी विचारलं की प्रत्येक आडछेदाला हे लिहीत बसणार का. हो, बसणार. जॅकेट आणि रस्त्यावर मांडायचे शंकूसारखे कोन यांचा विचार या रकान्यानंतर.

१० ऑक्टोबर

पाहणी. वेगमर्यादेची पाटी ६० ची. पाटीवर विसंबून चालत नाही, म्हणून सरळ भागात रस्त्याबाहेरच्या दोन झाडांमधलं १०० मीटर अंतर धरलं आणि हद्दीच्या कडेला उभं राहून स्टॉपवॉच चालवलं. सहा सेकंद लागले तर गाडी ६० ने चालली आहे. इथे बऱ्याच गाड्या साडेचार सेकंदांत पार होतात, म्हणजे ८०. वेगाचा अंदाज घेताना सरासरीवर जायचं नसतं. शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो आकडा धरण्याची पद्धत आहे. आमचा आराखडा ८० वर.

८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर कापते. अमेरिकेतल्या आश्टो या संस्थेच्या रस्ते-आखणीच्या पद्धतीत ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. त्यातच ५६ मीटर गेले. पुढे ब्रेक लागून थांबेपर्यंत अजून ७३. मिळून १३० मीटर. ६० ला हेच ८५ होतात. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला आणि थांबायचं अंतर निम्म्याने वाढलं, कारण ब्रेकचा भाग वेगाच्या वर्गाने वाढतो. हे गणित सावध, जागं, समोर बघणाऱ्या ड्रायव्हरचं आहे. फोनकडे दोन सेकंद बघणाऱ्याचे ४४ मीटर आणखी धरा.

म्हणून प्रत्येक उभं राहायच्या जागेसाठी एकच कसोटी: तिथल्या माणसाला १३० मीटरवरून गाडी दिसते का, आणि गाडीतून तो दिसतो का? ही दोन उत्तरं नेहमी सारखी नसतात. झाडाच्या सावलीत उभ्या माणसाला उन्हातली गाडी स्पष्ट दिसते. गाडीवाल्याला सावलीतलं काहीच दिसत नाही.

११ ऑक्टोबर

माथा आणि वळण. चढून येणाऱ्याला माथ्यापलीकडचं काही दिसत नाही. आखणीच्या हिशेबात ड्रायव्हरचा डोळा जमिनीपासून १.०८ मीटरवर धरतात, म्हणजे खिळा ठोकायला उकिडवा बसलेला माणूस त्याला अगदी शेवटच्या क्षणी दिसणार. इथे पाटी माथ्यानंतर लावण्यात अर्थ नाही. ती माथ्याच्या आधी, चढावर हवी. अमेरिकेच्या एमयूटीसीडी या वाहतूक-चिन्हांच्या नियमपुस्तिकेत सर्वे पथकासाठी वेगळी पाटीच आहे. आम्ही ‘पुढे सर्वे चालू’ अशा चौकटीच्या दोन पाट्या करून घेतो आहोत, प्रत्येक दिशेला एक.

वळणाच्या आतल्या बाजूला कुणी उभं राहायचं नाही. तिथले आडछेद बाहेरच्या भरावावरून.

१३ ऑक्टोबर

साहित्य तपासलं. कोन ७५० मिलिमीटरचे. लहान कोन गाड्यांच्या वाऱ्याने आडवे होतात.

साइडपट्टी अडवायची तर कोन तिरक्या रांगेत लावतात, त्याची लांबी एमयूटीसीडीच्या सूत्राने काढली. ७० आणि त्यावरच्या वेगाला रुंदी गुणिले वेग भागिले १.६. दोन मीटर साइडपट्टी आणि ८० चा वेग म्हणजे १००, साइडपट्टीसाठी त्याचा तिसरा भाग पुरतो, म्हणजे ३३ मीटर. दोन कोनांत वेगाच्या पाचव्या भागाइतके मीटर, इथे १६. एवढ्याशा तिरक्या रांगेला तीन-चार कोन लागतात आणि पुढे सरळ रांगेला आणखी. डिकीत दोन कोन टाकून निघणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. जिथे स्थानिक नियम जास्त मागतो तिथे अर्थातच तोच पाळायचा.

जॅकेटं काढून उन्हात पसरली. निम्मी बाद केली. आयएसओ २०४७१ या मानकात तीन वर्ग आहेत. वर्ग ३ ला झळाळत्या रंगाचं कापड किमान ०.८० चौरस मीटर आणि परावर्तक पट्टी ०.२० चौरस मीटर लागते. नुसत्या बनियनसारख्या जॅकेटात एवढं बसणं कठीण. बाह्या किंवा पॅन्ट जोडीला हवी. पट्टी आणि कापड ही दोन वेगळी कामं करतात. कापड अतिनील किरण शोषून दिसणारा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून ढगाळ दिवशी आणि संधिप्रकाशात झळकतं, पण रात्री त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. रात्री पट्टी चालते, तीही तिच्यावर हेडलाइट पडला तरच. धुण्याने पट्टी मरते. किती धुलाया चालतील ते आतल्या लेबलावर छापलेलं असतं आणि ते कुणीही वाचत नाही.

गुडघा, घोटा आणि मनगटाला लावायच्या पट्ट्याही मागवल्या. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ साली दाखवलं होतं की अंधारात फक्त सांध्यांवरचे दिवे हलताना दिसले तरी बघणाऱ्याला तो चालणारा माणूस आहे हे चटकन कळतं. छातीवरचा चमकता चौकोन खांबावरही असू शकतो. चालणारे गुडघे खांबाला नसतात.

१६ ऑक्टोबर

पहिला दिवस. सकाळी गाडीपाशी उभ्याउभ्या बोलणं झालं, पाच मिनिटंही नाही. प्रत्येकाला एकच प्रश्न: आत्ता गाडी अंगावर आली तर पळायचं कुठे? चेनमनने (टेप-पोल धरणाऱ्या मदतनिसाने) रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. म्हणजे दोन पदर ओलांडून. प्रश्न विचारायचं कारण हेच. पळायची दिशा रस्त्यापासून लांब, आणि मध्ये चर किंवा तार नसलेली असायला हवी. जागा बदलली की प्रश्न पुन्हा.

दुसरी गोष्ट ठासून सांगितली: इन्स्ट्रुमेंट सोडून पळायचं. ट्रायपॉड पडताना हात आपोआप पुढे जातो, सगळ्यांचाच जातो. इन्स्ट्रुमेंटला विमा आहे.

गाडी कामाच्या अलीकडे, येणाऱ्या वाहतुकीच्या बाजूला लावली, वर पिवळा फिरता दिवा, पुढची चाकं रस्त्याबाहेर वळवलेली. धडक बसलीच तर गाडी आमच्या अंगावर न येता बाहेर जावी म्हणून चाकं तशी. गाडीला चिकटून कुणी काम करायचं नाही. धडकलेली गाडी पुढे सरकते, तेवढी रिकामी जागा मध्ये हवी. ड्रायव्हरकाकांना हे सांगावं लागलं नाही. त्यांनी उतरतानाही रस्त्याकडचं दार उघडलं नाही, सरकून दुसऱ्या बाजूने उतरले.

पाट्या आणि कोन लावायचा क्रम: आधी सगळ्यात लांबची पाटी, मग गाड्यांच्या दिशेने पुढे पुढे. काढताना उलट. म्हणजे कोन लावणारा प्रत्येक वेळी आधी लावलेल्या गोष्टींच्या आडोशाला असतो. संध्याकाळी पाट्या झाकल्या. काम नसताना उभी पाटी दोन दिवसांत ड्रायव्हरला खोटी वाटायला लागते, आणि तिसऱ्या दिवशी काम असतं तेव्हाही.

लुकआउट म्हणून, म्हणजे फक्त गाड्यांवर नजर ठेवायला, एक माणूस वेगळा ठेवला. त्याच्या हातात शिट्टी, बाकी काही नाही. वही नाही, टेप नाही, छत्री धरायची नाही. दुपारी ताईंनी त्याला ‘जरा तो खुंटा दे’ म्हटलं तेव्हा त्याने देत नाही म्हणून सांगितलं. बरोबर केलं.

१७ ऑक्टोबर

रोबोटिक टोटल स्टेशनने (प्रिझमच्या मागे आपोआप वळणाऱ्या इन्स्ट्रुमेंटने) आज छळलं. प्रिझमचा लॉक सारखा सुटायचा, कधी भलत्याच गोष्टीवर बसायचा. चेनमनने दुपारी जॅकेट काढून फांदीला अडकवलेलं दिसलं. म्हणाला, “साहेब, जॅकेट काढलं की बरोबर पकडतंय.”

खोटं बोलत नव्हता. इन्स्ट्रुमेंट प्रकाश सोडतं आणि सगळ्यात उजळ परतावा शोधतं. जॅकेटच्या पट्टीत काचेचे बारीक मणी असतात आणि त्यांचं कामच आलेला प्रकाश आला तिकडे परत पाठवणं. ट्रकच्या मागचे रिफ्लेक्टर, रस्त्याच्या पाट्या, सगळं यंत्राला प्रिझमसारखंच दिसू शकतं. ड्रायव्हरला माणूस दाखवणारी वस्तू यंत्राला फसवते, आणि यंत्र सोबत असल्यामुळे बळी जॅकेटचा जातो. पथकं जॅकेट का काढतात याची कारणं उकाड्यात शोधली जातात. हे कारण कुणी लिहीत नाही.

उपाय निघाले. पोल वाढवून प्रिझम डोक्याच्या वर नेला (कंट्रोलरमध्येही, म्हणजे पोलवरच्या छोट्या संगणकातही, उंची बदलायची, नाहीतर दिवसभराच्या लेव्हल्स गेल्या). शोधायची खिडकी अरुंद केली. दोन दिवसांसाठी स्वतःची ओळख देणारा अॅक्टिव्ह प्रिझम भाड्याने मागवला. त्यावर लॉक भलतीकडे जात नाही. जॅकेट परत अंगावर.

रोबोटिकबद्दल अजून एक. एका माणसात काम होतं हा त्याचा गुण सांगतात. रस्त्याकडेला तोच दोष आहे. पूर्वी दुर्बिणीपाशी एक आणि पोलपाशी एक असायचा, निदान एकाची नजर दुसऱ्यावर असायची. आता एकटा माणूस पोल धरून, मान खाली घालून कंट्रोलरच्या पडद्यात. वाचलेला माणूस घरी पाठवायचा नाही, त्यालाच लुकआउट करायचं.

१९ ऑक्टोबर

आजचा दिवस कटिंगच्या वर. चढून जायला कंटाळा, पण कामाला हीच जागा.

डांबराचा मध्य आणि कडा रिफ्लेक्टरलेसने (प्रिझमशिवाय, थेट पृष्ठभागावरून) घ्यायच्या, म्हणजे डांबरावर कुणी उभं राहायला नको, असा बेत होता. ताईंना शंका होती की अचूकता मिळेल का. शंका योग्य. साइडपट्टीबाहेर १.६ मीटर उंचीवर इन्स्ट्रुमेंट असेल आणि बिंदू ४० मीटरवर, तर किरण रस्त्याला जेमतेम सव्वादोन अंशांनी टेकतो. १० मिलिमीटरचा ठिपका रस्त्यावर २५ पट लांबट होतो, २५ सेंटिमीटरचा. त्यातला कुठला भाग यंत्राने मोजला ते सांगता येत नाही. अंतरात १२ सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तरी तिरपेपणा कमी असल्याने उंचीत फरक ५ मिलिमीटरच पडतो, पण तोही डेकसाठी चालणार नाही. आडछेदासाठी चालेल.

कटिंगवरून रस्ता पाच मीटर खाली. तेच ४० मीटर अंतर, पण कोन सात अंशांचा, ठिपका आठ पटच लांबतो. शिवाय मधून जाणाऱ्या मोटारींच्या टपावरून किरण जातो, रीडिंग कमी तुटतात. पडताळणीसाठी कडेचे काही बिंदू प्रिझमने, लुकआउट उभा करून, पुन्हा घेतले. फरक ४ मिलिमीटरच्या आत.

या कामात हे वारंवार दिसतं आहे: गाड्यांपासून लांब आणि उंच जागा मोजमापालाही चांगली असते. सुरक्षिततेसाठी अचूकता सोडावी लागते असा जो समज आहे त्याला इथे तरी आधार नाही. किंमत पडते ती चढण्याउतरण्याच्या वेळेची.

२० ऑक्टोबर

पाऊस. ओल्या काळ्या डांबरावरून परतावा येत नाही. किरण आरशावरून निसटावा तसा पुढे निघून जातो. थांबायचं अंतरही ओल्या रस्त्यावर वाढतं. ‘प्रिझम घेऊन पटकन आटपू’ असा सूर निघाला होता. आटपलं नाही. ऑफिसात डेटा साफ केला.

२३ ऑक्टोबर

थोडक्यात निभावल्याची नोंद. मोरीपाशी ऑटो लेव्हलचं (उंची मोजणाऱ्या दुर्बिणीचं) काम, स्टाफमन (आकडे असलेली उभी पट्टी, म्हणजे स्टाफ, धरणारा) साइडपट्टीच्या बाहेरच्या कडेला, कोनांच्या आत. समोरून ट्रक आला, त्याच्या ताडपत्रीची दोरी सुटून बाहेर फडफडत होती. दोरीचं टोक स्टाफच्या वरच्या भागाला लागलं आणि स्टाफ हातातून हिसकला गेला. स्टाफमनने तो धरून ठेवला नाही, सोडला आणि मागे सरला. हाताला खरचटण्यापलीकडे काही नाही. स्टाफचा वरचा भाग वाकला, बाद.

सगळे ट्रकवाल्यावर चिडले होते. चिडणं साहजिक, पण नोंदवहीत ट्रकवाला लिहून काही बदलत नाही. गाडी म्हणजे तिची दोन चाकं नव्हेत. तिच्या बाहेर आरसे, लोंबणाऱ्या दोऱ्या, बाहेर आलेल्या सळया आणि मागे ट्रॉली असते, वळताना ट्रॉली आत येते. आपणही आपल्या रुंदीत उभे नसतो: चार मीटरचा ताणलेला स्टाफ तिरका झाला की त्याचं टोक पदराच्या आत असतं. म्हणून बदल दोन. स्टाफ ताणायचा तो रस्त्याच्या हद्दीकडे तोंड करून, आणि रीडिंग संपलं की लगेच मिटायचा. मोरीच्या आसपासची जागा एक मीटर बाहेर सरकवली, चार बिंदू नव्याने.

छत्रीही आजपासून बंद. ट्रक गेला की छत्री शीड होते आणि ट्रायपॉडला ओढते. शिवाय तिच्याखाली बसलेल्याला अर्धा रस्ता दिसत नाही. इन्स्ट्रुमेंटला कापडी टोपी पुरते.

२४ ऑक्टोबर

कालची जोडनोंद. संध्याकाळी आवरताना एक बिंदू राहिल्याचं कळलं. पाट्या उतरल्या होत्या, कोन गाडीत. “दोन मिनिटांचं काम आहे, घेऊन येतो,” असं चेनमन म्हणाला. रस्त्यावरचं सगळ्यात वाईट वाक्य. मोठ्या कामाला पाट्या, कोन, लुकआउट सगळं लागतं. राहिलेला बिंदू, विसरलेला खुंटा, उडालेला कागद यांना काहीच लागत नाही असं प्रत्येकाला वाटतं.

याची दुसरी बाजूही खरी आहे. पाच मिनिटांच्या कामासाठी अर्धा तास कोन लावत रस्त्यावर फिरणं हाही धोकाच, कारण पहिला कोन लावणाऱ्याला कोनाचा आडोसा नसतो. एमयूटीसीडीत कामाच्या वेळेनुसार प्रकार पाडले आहेत. तासाभराच्या आतलं काम अल्पावधीचं धरतात आणि त्यासाठी गाडीवरच्या दिव्यांसह साधी मांडणी चालते. आमचा नियम असा ठरला: राहिलेला बिंदू दुसऱ्या दिवशीच्या यादीत जातो. दुसरा दिवस नसेल तर गाडी, फिरता दिवा आणि लुकआउट, एवढं झाल्याशिवाय कुणी उतरत नाही. कालचा बिंदू आज सकाळी घेतला.

२७ ऑक्टोबर

लोक थांबतात. टोटल स्टेशन दिसलं की प्रश्न ठरलेला: आमची किती जागा जाणार? विचारायचा त्यांना हक्क आहे. पण गाडी पदरातच उभी करून, काच खाली घेऊन विचारतात, आणि मागून येणाऱ्याला आमच्या कोनांपाशी अचानक थांबलेली गाडी सापडते. दोनदा जोरात ब्रेक ऐकले.

एका पानावर कामाची माहिती आणि चौकशी कुठे करायची ते छापून घेतलं. लुकआउट आता हाताने पुढची मोकळी जागा दाखवतो आणि पान तिथे मिळतं, पदरात नाही. म्हणजे लुकआउटला मदतीला अजून एक माणूस लागतो. गर्दीच्या वेळी काका उतरतात.

३० ऑक्टोबर

सूर्य खाली असताना काम नको, हे सगळ्यांना माहीत असतं. कुठल्या बाजूला नको, ते चटकन सांगता येत नाही. सोपी खूण मिळाली: आपली सावली बघायची. सावली ज्या दिशेला पडली आहे तिकडून येणारा ड्रायव्हर सूर्याकडे तोंड करून येतो. त्याला जॅकेटचा रंगही दिसत नाही, दिसली तर काळी आकृती. सावली आपल्या उंचीच्या चौपट झाली की त्या बाजूचं काम बंद. सकाळी उशिरा सुरू करून दुपारी भरून काढतो आहोत.

३ नोव्हेंबर

मागून येणाऱ्या गाड्यांच्या आवाजावर किती भिस्त असते ते आज कळलं. शेताकडून जोराचा वारा, बाजूला पंपाचा आवाज, आणि साइडपट्टीवरून सायकल, मग एक विजेवरची स्कूटर अगदी शेजारून. इलेक्ट्रिक मोटारींनी कमी वेगात आवाज करावा यासाठी संयुक्त राष्ट्रांचा १३८ क्रमांकाचा नियम आहे, पण तो ताशी २० किलोमीटरपर्यंतचा. त्यापुढे टायरचा आवाज पुरेल असं धरलं आहे. वाऱ्यात तो पुरत नाही. दोनचाकी साइडपट्टीवर दोन्ही दिशांनी येतात, त्यामुळे वाहतुकीकडे तोंड करून उभं राहण्याचा नियम अर्धाच उपयोगी.

वॉकीटॉकीचा इअरफोन एकाच कानात. लुकआउट हद्दीच्या कडेला, दोन्हीकडचं दिसेल असा.

६ नोव्हेंबर

उद्याच्या पुलाची तयारी. पुलावर साइडपट्टीच नाही. पांढरी पट्टी संपते तिथे कठडा. पळायला जागा नाही, कठड्यापलीकडे उडी ही काही सुटका नाही. म्हणून इथे एक पदर बंद करून आळीपाळीने वाहतूक सोडायची परवानगी घेतली आहे, दोन्ही टोकांना झेंडेवाले, वेळ रविवारी पहाटे उजाडल्यावर.

एमयूटीसीडीनुसार अशा ठिकाणी कोनांची तिरकी रांग १५ ते ३० मीटरच ठेवतात. ताईंनी विचारलं की साइडपट्टीला ३३ आणि अख्ख्या पदराला त्याहून कमी कशी. इथे गाड्या वेगात सामावून घ्यायच्या नाहीत, झेंडेवाल्यापाशी त्या थांबलेल्याच असतात. रांग मुद्दाम आखूड, म्हणजे समोरून अडवलं आहे हे नीट दिसतं. झेंडेवाला कडेला उभा राहतो, पदरात नाही.

७ नोव्हेंबर

पूल झाला. डिजिटल लेव्हल पुलाबाहेर, भरावाच्या कडेला लावली. डेकवर फक्त बारकोड स्टाफ आणि तो धरणारा. ट्रक जाताना डेक हलतो आणि रीडिंग नाचतं, म्हणून दोन्हीकडची वाहतूक एकदमच थोडा वेळ रोखून त्या शांततेत रीडिंग घेतली. परत तेच: गाड्या नसताना माणूसही सुरक्षित आणि लेव्हलही स्थिर. क्लोजर (सुरुवातीच्या बिंदूवर परत आल्यावर उरलेला फरक) दीड मिलिमीटर.

झेंडेवाल्यांची पद्धत आवडली. एकजण वॉकीटॉकीवर शेवटच्या गाडीचं वर्णन सांगतो, ‘शेवटची निळी व्हॅन, मागे शिडी’, आणि ती पार झाल्यावरच दुसरा सोडतो. एकदा व्हॅनच्या मागून एक मोटारसायकल घुसली. दुसऱ्याने ती जाऊ दिली, मगच पाटी फिरवली. घाई नाही.

९ नोव्हेंबर

ड्रोनचा विषय निघाला. उघड्या भरावांसाठी आणि शेतांसाठी उत्तम, तिथे वापरणार. चालत्या वाहतुकीवरून उडवायचा नाही. पडला तर काचेवर पडेल, आणि ड्रोनकडे बघणारा ड्रायव्हर आम्हाला नकोच. डांबराच्या लेव्हलला त्याची उंचीची अचूकता पुरत नाही. गाडीवर बसवलेला लायडार (लेझरने आजूबाजूचं सगळं मोजणारं यंत्र) या कामाला योग्य होता. खर्चाच्या प्रस्तावात पुढच्या टप्प्यासाठी टाकला आहे, सोबत ९ ऑक्टोबरचा ‘इथे माणूस उभा राहायला हवा का?’ हा रकाना जोडून. ‘हो’ लिहिलेल्या बिंदूंतले बहुतेक लायडारने ‘नाही’ होतात. हे वाक्य प्रस्तावात पहिल्या पानावर ठेवलं.

११ नोव्हेंबर

कंट्रोल पॉइंटची वर्णनपत्रं पूर्ण केली. प्रत्येकावर फोटो, ओळखीच्या तीन खुणांपासून अंतरं, आणि खाली एक ओळ: गाडी कुठे लावायची, कुठून चढायचं, पळायची दिशा कोणती. जुन्या खिळ्यांपुढे ‘ट्रायपॉड लावू नये’. पुढचं पथक कंत्राटदाराचं असेल, त्यांच्याकडे हीच यादी जाणार.

राहिलेलं: वळणातल्या दोन आडछेदांची पडताळणी (बाहेरच्या भरावावरून, सकाळी दहानंतर). दुसऱ्या मोरीचं स्कॅन. दोन कोन चिरले आहेत, बदलायचे. स्टाफमनच्या जॅकेटची पट्टी बाहीवर सुटली आहे. शिवून घेऊ नये, नवीन द्यावं. भाड्याचा अॅक्टिव्ह प्रिझम परत गेला, पुढच्या कामाला विकत घ्यायची मागणी लिहिली आहे.